मागच्या पायरीवरची मिश्री

लग्न ठरवताना माझ्या बाबांनी मुलाकडच्यांना एकच प्रश्न दोनदा विचारला होता: मुलाला काही व्यसन? ते नाही म्हणाले. तेवढ्यावर भागेना म्हणून काका पेणहून रोह्याला गेले आणि नाक्यावरच्या पानटपरीवर चौकशी करून आले. टपरीवाल्यानं मुलाला ओळखलंच नाही, आणि तिथंच आमचं लग्न पक्कं झालं. मला काही व्यसन आहे का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी छातीठोकपणे नाही म्हणाले असते. पर्समध्ये रुमालाखाली मिश्रीची डबी होती, पण तिला व्यसन म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.

ज्यांच्या घरात मिश्री नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, त्या धुरानं सगळी आळी खोकते. मग ती कुटून वस्त्रगाळ करायची आणि सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर, बोटानं दातांना लावत बसायचं. मी आठवीत असताना माझी दाढ दुखायला लागली. आईनं स्वतःच्या डबीतली चिमूट माझ्या दाढेवर दाबली. डोकं गरगरलं, उलटी झाली, आणि दाढ दुखायची थांबली. पुढं ती दाढ काढून टाकली, मिश्री राहिली. बी.कॉम. झालं, संगणकाचा कोर्स झाला, तरी राहिलीच. मैत्रिणींपासून मी ती लपवायचे, पण ती गावठी दिसते म्हणून, वाईट आहे म्हणून नव्हे. तंबाखू पुरुष खातात, पिचकाऱ्या मारतात, त्यांचे गाल सडतात. आम्ही आपले दात घासतो, असा माझा अगदी प्रामाणिक समज होता.

सासरी आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी मोरीचं दार लावून घाईघाईनं मिश्री लावत होते. बाहेर आले तर दारात सासू उभी. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"लावतेस व्हय?" ती म्हणाली. "मग मोरीत कशाला कोंडून घेतेस गो? मागं ये."

मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, समोर अळूचा वाफा आणि शेजाऱ्यांची भिंत. ती वरच्या पायरीवर बसली, जरा सरकली आणि मला जागा केली. आपली डबी उघडून माझ्यापुढं धरली. तिची मिश्री माझ्या मिश्रीपेक्षा बारीक होती. तोंडावर मी तिला आई म्हणते, अहोजाहो करते. मनात मात्र त्या दिवसापासून ती माझी ‘ती’ आहे. बोट तोंडात असलं की भांडता येत नाही, उपदेशही करता येत नाही. नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला, सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात आम्ही दोघी, आणि दिवसातून दोनदा ती पायरी. सासू-सुनेचं कसं जमतं, असं लोक विचारायचे. आम्ही गालातल्या गालात हसायचो.

चार वर्षं झाली तरी मला दिवस गेले नाहीत. रोह्यात मी एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या टेबलावर बसते. तिथं माझा पेपर निघाला असता तर संध्याकाळपर्यंत बाजारात गेला असता. म्हणून आम्ही पेणच्या डॉक्टर मॅडम गाठल्या. माहेर तिथंच, त्यामुळं येण्याजाण्याला निमित्तही होतं. मॅडम शांत, नेमकं बोलणाऱ्या. त्यांनी माझं वय लिहिलं, चौतीस. वजन लिहिलं, मला लाज वाटली. दारू? नाही. सिगारेट? मी हसले. तंबाखू? नाही. तिन्हींपुढं त्यांनी आडवी रेघ मारली. शेजारी बसलेला नवरा, ज्यानं मला रोज मिश्री लावताना पाहिलं होतं, त्यानंही मान हलवली. आम्ही दोघंही खोटं बोलत नव्हतो.

मग त्यांनी मला कसं राहायचं ते एका कागदावर लिहून दिलं. वेळेवर झोप, रोज पाऊण तास चालणं, सहा किलो वजन कमी, चहा दोन कप, मैदा, तळलेलं, गोड बंद, आणि शेवटी: टेन्शन घेऊ नये. नवऱ्यानं त्या कागदाची झेरॉक्स काढून फ्रिजवर चिकटवली. तो चांगल्या मनानंच वागला. पण त्या दिवसापासून माझं शरीर घरचं राहिलं नाही, ग्रामपंचायतीचं झालं.

नाईट करून आला की नवरा आधी गॅसवरचं भांडं बघायचा, चहाचा तळ किती ओला आहे ते. नदीकाठच्या रस्त्यानं चालायला निघाले की ओळखीच्या बायका थांबवायच्या. "चालतेस ना? चाल, चाल. चालल्यानं होतंय." दवाखान्यातल्या काट्यावर मी उभी राहिले की कंपाउंडर आकडा मोठ्यानं वाचायचा. एकदा शेजारणीकडे सत्यनारायण होता. तिनं सगळ्यांना प्रसादाबरोबर पोह्याचे पापड तळून वाढले आणि माझ्यासमोरची बशी उचलून पलीकडे ठेवली. "तुला बंद हाय ना गो?" पेणची मुलगी मी, पोह्याचे पापड लाटत मोठी झाले, आणि माझ्यापुढून पापड उचलला! मी हसून "हो ना" म्हणाले आणि घरी येऊन ताट आपटलं. त्यावर नवरा म्हणाला, "टेन्शन घेऊ नको." मला त्या क्षणी ते ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

हे बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण जो तो माझ्याच भल्याचं सांगत होता. वाईट वागणाऱ्याशी भांडता येतं. भलं करणाऱ्यापुढं माणूस बांधून घातल्यासारखं होतं. पाळी आली की मी दोन दिवस कुणाला सांगायचे नाही. तेवढे दोन दिवस कुणाचा चेहरा पडलेला बघावा लागत नसे.

सासूनं मात्र मला कधी टोचलं नाही. तिचा हा एकच मुलगा. त्याच्या पाठीवरची तीन गेली. दोन पोटातच, आणि एक पूर्ण दिवसांचं, जन्मलं तेच न रडता. हे तिनं मला पायरीवरच सांगितलं होतं, फार काही न बोलता. मूल होत नाही म्हणून बाईला बोलू नये, हे तिला सांगावं लागत नव्हतं. फ्रिजवरच्या कागदाकडं ती बघायची नाही. उलट मी चालून, घामाघूम होऊन आले की मागून हाक यायची, "ये गो, बस जरा." सगळ्या दिवसात कुणी मोजत नव्हतं अशी तेवढीच एक जागा. आधी दोनदा लावणारी मी चारदा लावू लागले, पाचदा लावू लागले. चहा तोडला होता, गोड तोडलं होतं, हातातोंडाला काहीतरी हवं होतं. डबी आठवड्यात संपू लागली. सासू कुरकुर न करता पुन्हा तवा ठेवायची. शेजारीण खोकत विचारायला आली तर म्हणाली, "असू दे. पोरीला तेवढंच सुख हाय."

असं दीड वर्ष गेलं. वजन पाच किलोनं उतरलं, झोप सुधारली, नवऱ्याची तपासणी झाली, ती ठीक निघाली. मूल नाही.

त्या दिवशी पेणला सोनोग्राफी होती. पाणी पाजून मला बाकावर बसवलं होतं. मॅडमकडं एक मावशी कामाला आहेत, गडब गावच्या, पन्नाशीच्या. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मिश्री हाय का गो तुझ्यापाशी? माझी घरी राहिली."

"तुम्हांला कसं कळलं?"

"बोट बघ की."

मी माझं बोट बघितलं. नखाच्या कडेला काळसर पिवळी रेघ होती. इतकी वर्षं मी ती रोज बघत होते, तरी त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. आम्ही दोघी मागच्या बेसिनकडे गेलो, मी डबी उघडली, दोघींनी चिमूट चिमूट घेतली. मावशी डोळे मिटून भिंतीला टेकल्या. तेवढ्यात हात धुवायला मॅडम आल्या.

आमच्या दोघींची बोटं तोंडात. मॅडमनी आधी मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय आहे?"

"मिश्री," मी कशीबशी म्हणाले.

"तुम्ही तंबाखू नाही म्हणाला होतात."

"नाहीच खात, मॅडम."

"मग ही कशाची असते?"

मी डबीचं झाकण लावलं. मावशी चूळ भरून कधीच पसार झाल्या होत्या.

"भाजली म्हणून तंबाखूची साखर होते का?" मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मान लाल झाली होती. आत नेऊन त्यांनी मला बसवलं आणि माझा पेपर उघडून ती जुनी आडवी रेघ खोडली. मग समजावून सांगितलं. तंबाखू हिरड्यांतून रक्तात जाते. बीजावर परिणाम होतो, गर्भ राहायला अडचण येते. राहिलाच तर त्याला रक्त नीट पुरत नाही, मूल अशक्त होतं, कधी पडतं, कधी पोटातच दगावतं. "हेच एक कारण आहे असं मी म्हणणार नाही. तुमचं वय आहे, थायरॉइड आहे. पण दीड वर्ष मी तुमचा चहा मोजत बसले, आणि हे मला कुणी सांगितलंच नाही."

मला रडू आलं, पण रडले नाही, कारण भरल्या मूत्राशयानं रडणंही जमत नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. स्वतःचं मला तेवढं लागत नव्हतं. मूर्खपणा केला, आता सोडायचं, एवढं ते सरळ होतं. कासू स्टेशनला गाडी थांबली, पुढून दुसरी जायची होती म्हणून बराच वेळ थांबली, आणि मॅडमचं एक वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागलं. पोटातच दगावतं. दोन पोटात आणि एक न रडता. हे मी तिला कसं सांगू? आणि न सांगता तिच्या हातची डबी नको कशी म्हणू? गाडी हलेपर्यंत मला काही सुचलं नाही. हलल्यावरही नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सोड मग." जणू पायातली चप्पल सोडायची होती. आईंना यातलं काही बोलू नको, एवढं मात्र मी त्याच्याकडून वदवून घेतलं.

सासूला म्हणाले, हिरड्या दुखतात. दुसऱ्या दिवशी तिनं मिश्रीत लवंग कुटून घातली. "आता नाय दुखायच्या." मी म्हणाले, उष्णता झालीय. तिनं धणे-जिऱ्याचं पाणी दिलं आणि डबीही दिली. इकडं माझं डोकं ठणकायचं, पोट साफ होत नव्हतं, टूथपेस्टची गोड चव आली की ओकारी यायची. आणि दवाखान्यात, माझ्याच टेबलावर, मी नवा प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. तंबाखू? नाय. मिश्री? "व्हय, ती काय लावतेच." गरोदर बाया, लेकुरवाळ्या बाया, सुनेला घेऊन आलेल्या सासवा, सगळ्या इतक्या निवांतपणे व्हय म्हणायच्या की मला धडकी भरायची. या टेबलावर मी कितीजणींच्या पेपरवर तंबाखूपुढं ‘नाही’ लिहिलं असेल! एकदा एकीच्या डबीतली चिमूट मी मागून घेतली. कबूल करते. दोनदा घेतली.

अठरा दिवस मी सासूला टाळलं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी ती पायरीवर बसली होती, मी भांडी घासत होते. ती वळली नाही, पाठमोरीच म्हणाली, "माझ्या हातचं नको झालं व्हय आता?"

"तसं नाही हो, आई."

"मग कसं हाय? पेणवाल्या बाईनं काय शिकवलं का? सगळ्यांनी तुझं सगळं काढून घेतलं, मी काय काढलं गो? मी दिलंच ना?"

खरं होतं ते, आणि म्हणूनच माझा तोल गेला. "तंबाखू आहे ती, आई! तिनं मूल होत नाही. राहिलं तर पोटात मरतं!"

बोलले आणि हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. तिनं तोंडातलं बोट काढलं. उठून नळावर चूळ भरली. पुन्हा भरली. बराच वेळ ती चुळाच भरत होती.

"माझी तीन," ती नळाकडं बघत म्हणाली. "ती त्यानंच गेली काय गो?"

केसपेपर काढणारी मी. बाया माझ्याकडं बघून डॉक्टरच बोलतोय असं समजतात. मी तोच आवाज काढला. "छे हो. तुमचं वेगळं असणार. तेव्हा तपासण्या कुठं होत्या? कारणं हजार असतात."

"लावत होते मी. तिन्ही येळी लावत होते."

"सगळ्याच लावायच्या, आई. सगळ्यांची कुठं गेली?"

तिनं मान हलवली. पटलं, असं मला वाटलं, आणि मी पातेलं विसळायला घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मिश्री सोडली. चाळीस वर्षांची सवय, एका दिवसात. शेजारणींना सांगायची, "सुनेला सोबत म्हणून सोडली." त्या म्हणायच्या, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. घरात मात्र आमचं बोलणं तुटलं. पायरीवर बसायचं तर हातात काय घेऊन बसायचं? जेवण झालं की ती टीव्ही लावायची. मीही बसायचे. चालणं, झोप, चहा, कागद सगळं तसंच होतं, फक्त उसासा टाकायची जागा गेली होती. सोडून आता वर्ष होत आलंय. दिवस अजून गेलेले नाहीत. मॅडम म्हणतात, थांबा, शरीराला वेळ द्या. मी थांबते. दुसरं काय करणार?

गेल्या महिन्यात मी पेणला निघाले तर ती नवं लुगडं नेसून दारात तयार. "मी येते." कधी आली नव्हती. नको कसं म्हणणार?

मॅडमनी मला तपासलं, गोळ्या लिहिल्या. आम्ही उठणार तेवढ्यात सासूनं विचारलं, "बाई, एखादीनं पोटुशी असताना मिश्री लावली आन् पोरं गेली, तर ती त्यानंच जातात काय?"

मी मॅडमकडं डोळे मोठे करून बघत होते. त्या पेपरवर लिहीत होत्या. ही बाई सुनेसाठी विचारतेय, असंच त्यांना वाटलं असणार.

"नक्की कुणीच सांगू शकणार नाही, आजी. पण जाऊ शकतात, हो. म्हणूनच तर सोडायला लावली."

"बरं," सासू म्हणाली आणि पदर सावरून उठली.

पेण स्टेशनवर रोह्याच्या गाडीला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. मी पाण्याची बाटली पुढं केली, तिनं घेतली नाही.

"तू खोटं बोललीस," ती म्हणाली.

"हो."

"तुझ्या जागी मी पन तेच बोलले असते." बोटांनी ती पदराचं टोक चुरत होती. "माझी सासू मला पोरं खाणारी म्हणायची. तिन्ही येळी म्हणाली. मरेस्तोवर म्हणत होती. मी म्हणायची, मी काय केलं? देवाला विचारलं, वैद्याला विचारलं. ती मेली तवा तिच्या अंगाला हात लावला नाय मी. शेजारणीनी अंघोळ घातली."

फलाटावर एक बाई मुलाला केळं सोलून देत होती, तिच्याकडं मी बघत राहिले.

"आन् मला लावायला कोनी शिकवली, ठावं हाय? तिनंच. तुझ्या नवऱ्याच्या येळी उलट्या थांबत नव्हत्या माझ्या. अन्न टिकत नव्हतं. तिनं आपल्या डबीतली काढली, माझं बोट धरलं आन् लावून दिली. रोज यायची, जवळ बसायची, लाव म्हणायची. सगळ्या जन्मात तेवढंच मायेनं वागली गो माझ्याशी."

लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला. लोक उठले, पिशव्या उचलल्या. ती उठली नाही. माझ्या हाताकडं, माझ्या त्या बोटाकडं बघत होती.

"आन् तुझी डबी मी भरत होते," ती म्हणाली.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. या वेळी खोटं माझ्या तोंडून निघालं नाही.